वाचकांचे प्रश्न : फुटबॉल मैदानावरील लाउंज आणि पोशाखाचे नियम

अलीकडे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय पुनःपुन्हा दिसू लागला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागांतील अनेक घरांतली मुले-मुली नोकरीनिमित्त इंग्लंडला, आखाती देशांत किंवा बेंगळूरला स्थायिक झाली आहेत. आईवडील भेटीला गेले की त्यांना हौसेने फुटबॉलचा सामना दाखवला जातो, आणि तोही साध्या स्टँडमधून नव्हे, तर जेवणखाणाची आणि बैठकीची सोय असलेल्या हॉस्पिटॅलिटी लाउंजमधून. तिकिटाबरोबर पोशाखाच्या अटी येतात आणि घरात मतभेद सुरू होतात. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. मुलगा मँचेस्टरला नोकरी करतो. डिसेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून त्याने मँचेस्टर युनायटेड क्लबाच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील सामन्याची लाउंजची तिकिटे काढली आहेत. सोबतच्या पत्रात पोशाख ‘स्मार्ट कॅज्युअल’ असावा, असे म्हटले आहे. मी जन्मभर धोतर, सदरा, कोट आणि काळी टोपी वापरत आलो. आमच्या सौभाग्यवती नऊवारी नेसतात. मुलगा म्हणतो, “बाबा, एक पँट शिवून घ्या, दारात अडवले तर चारचौघांत शोभा होईल.” पँट शिवायला माझी ना नाही, पण अपमानाच्या भीतीने शिवावी, हे मनाला पटत नाही. आपला सल्ला काय?

उत्तर : आपण धोतर, कोट आणि टोपी घालूनच जावे, आणि सौभाग्यवतींनीही नऊवारीच नेसावी. मुलाची काळजी खोटी नाही, परंतु ती ज्या नियमाबद्दल आहे तो नियम आपल्यासारख्यांना बाहेर ठेवण्यासाठी लिहिलेला नाही.

‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे टाय आणि सूट सक्तीचे नाहीत, मात्र नीटनेटके यावे, एवढाच त्याचा आशय आहे. इंग्लंडमधील बहुतेक क्लबांच्या लाउंजमध्ये ज्या गोष्टी चालत नाहीत त्या साधारणपणे अशा : ट्रॅकसूट, फाटक्या जीन्स, अर्ध्या चड्ड्या, बिनबाह्यांचे बनियनवजा शर्ट, रबरी चपला, काही ठिकाणी खेळाचे बूट, आणि सर्वांत कडक म्हणजे पाहुण्या संघाचे रंग. या यादीत स्वच्छ धुतलेले धोतर आणि बंद गळ्याचा कोट कोठेच बसत नाहीत. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर कोणी पोशाख छापत नाही, तरीही शेतातल्या कपड्यांनी कोणी पंगतीला बसत नाही. तिकडे तोच संकेत कागदावर लिहून देतात.

तो का लिहून द्यावा लागला, हेही समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल हा मुळात कामगारवस्तीचा खेळ. प्रेक्षक गिरणीतून किंवा गोदीतून थेट मैदानावर येत आणि उभ्याने सामना पाहत. १९६६ च्या विश्वचषकाच्या तयारीसाठी ओल्ड ट्रॅफर्डवर नवा स्टँड बांधला गेला, तेव्हा १९६५ मध्ये ब्रिटिश फुटबॉल मैदानांवरील पहिले खाजगी कक्ष तेथे तयार झाले. पुढे १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० मध्ये दिलेल्या अहवालानुसार मोठ्या क्लबांना उभ्याचे स्टँड काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्या लागल्या. मैदानांची नव्याने बांधणी करताना क्लबांनी कंपन्यांसाठी, त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आणि खर्च करू शकणाऱ्या कुटुंबांसाठी लाउंज वाढवले, कारण तेथील एका आसनाचे उत्पन्न साध्या खुर्चीच्या कितीतरी पट असते. लाउंज हे एका अर्थी खानावळ आणि बैठकखाना असल्यामुळे हॉटेलांचे संकेत तेथे आले. सर्वांना ते रुचले असे नाही. मँचेस्टर युनायटेडचा त्या वेळचा कर्णधार रॉय कीन याने नोव्हेंबर २००० मध्ये डायनामो कीव्हविरुद्धच्या सामन्यानंतर, कोळंबीचे सँडविच खाण्यात गुंतलेल्या आणि मैदानावर काय चालले आहे याचे भान नसलेल्या प्रेक्षकांवर उघडपणे टीका केली, आणि ती टीका त्या देशात आजही उद्धृत होते. कीनचे म्हणणे कपड्यांबद्दल नव्हते, सामन्याकडे लक्ष असण्याबद्दल होते, आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे. आपण धोतर नेसून गेलात आणि नव्वद मिनिटे डोळे मैदानावर ठेवलेत, तर त्या लाउंजमधील अनेकांपेक्षा आपण अधिक चांगले प्रेक्षक ठराल.

आता कायद्याचे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यानुसार ग्राहकांना सेवा देताना वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. त्यामुळे शिखांची पगडी, मुस्लिम स्त्रियांचा हिजाब, आफ्रिकी पाहुण्यांचे पायघोळ झगे हे तेथील लाउंजच्या कर्मचाऱ्यांच्या नित्य पाहण्यातले आहेत. फुटबॉलपेक्षा कितीतरी कडक शिस्त असलेल्या लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावरील एम.सी.सी. (मेरिलबोन क्रिकेट क्लब) या यजमान क्लबाच्या पॅव्हिलियनमध्ये पुरुषांना कोट आणि टाय बंधनकारक आहेत, परंतु पारंपरिक राष्ट्रीय पोशाखाला त्या नियमातच मोकळीक दिलेली आहे. जेथे टाय सक्तीची आहे तेथेही धोतराला जागा आहे. आपल्या लाउंजमध्ये तर टायसुद्धा मागितलेली नाही.

तरीही दारावरचा माणूस नवखा असू शकतो, म्हणून एक काळजी अवश्य घ्यावी. मुलाने तिकिटाचा क्रमांक देऊन क्लबाच्या हॉस्पिटॅलिटी विभागाला ई-मेल पाठवावा. वडील आणि आई भारतीय पारंपरिक पोशाखात येणार आहेत, एवढे दोन ओळींत कळवावे, शक्य असल्यास तशा पोशाखातील छायाचित्र जोडावे आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत खिशात ठेवावी. परवानगी मागितल्याच्या सुरात हे लिहू नये, केवळ माहिती द्यावी. त्याच पत्रात जेवण शाकाहारी हवे असल्यास तेही कळवून टाकावे, कारण लाउंजमधील ताटे आधीच ठरलेली असतात आणि ऐन वेळी सॅलड आणि पाव यांवर भागवावे लागते.

थंडीचा प्रश्न मात्र पोशाखाच्या नियमाहून मोठा आहे. लाउंज उबदार असते, पण सामना पाहण्याच्या खुर्च्या बहुधा बाहेर स्टँडमध्येच असतात, आणि मँचेस्टरच्या डिसेंबरमध्ये दिवसाही पारा पाच-सात अंशांच्या आसपास राहतो. त्यात पाऊस नेहमीचाच. धोतराखाली आणि नऊवारीखाली अंगाला घट्ट बसणारे लोकरी किंवा थर्मल कपडे घालावेत, ते बाहेरून दिसत नाहीत. पायांत लोकरी मोजे आणि बंद बूट असावेत. नऊवारीच्या कासोट्यामुळे स्टँडच्या उभ्या पायऱ्या चढणे पाचवारीपेक्षा सोपे जाते, ही सोयच समजावी. शाल साधी असावी. सामना कोणत्या संघाशी आहे ते मुलाला विचारून त्या संघाच्या रंगाची तेवढी टाळावी.

प्रवेशद्वारावर तपासणीच्या वेळी कोटाची बटणे सोडायला किंवा टोपी उचलायला सांगतील. ते सर्वांनाच सांगतात, त्यात मान-अपमान मानू नये. ए-फोर कागदाहून मोठी पिशवी अनेक मैदानांवर आत नेऊ देत नाहीत, आणि घरचे लाडू-चिवडा लाउंजमध्ये नेता येत नाहीत.

प्रश्न : मी शहापूर, बेळगाव येथे राहतो आणि बेंगळुरू एफसीचा जुना चाहता आहे. आमच्या व्यवसायातील एका वितरकाकडून मला फातोर्डा (मडगाव, गोवा) येथील गोवा विरुद्ध बेंगळुरू सामन्याचा व्हीआयपी कक्षाचा पास मिळाला आहे. पासावर पोशाखाबद्दल काहीच लिहिलेले नाही. मी निळी जर्सी घालून गेलो तर चालेल का?

उत्तर : नाही. नियम छापलेला नसला तरी चालणार नाही, आणि या एका बाबतीत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही.

लाउंजच्या नियमांत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र लिहिलेल्या असतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ तेथेच होतो. कॉलर असलेला शर्ट, बूट, जीन्स या गोष्टी त्या त्या जागेच्या रिवाजाच्या आहेत; त्यांत घासाघीस होऊ शकते, आणि दारावरचा माणूस समजूतदार असेल तर तो कानाडोळाही करतो. पाहुण्या संघाच्या रंगांवरील बंदी मात्र सुरक्षिततेची आहे. सामना सुरू असताना यजमान संघाच्या समर्थकांच्या मधोमध विरोधी जर्सी घातलेला एकटा माणूस बसला, तर गोल झाल्याच्या क्षणी तेथे काय घडेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार अशा संघांचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्या आपल्या भागातील प्रेक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे कोणत्या पेठेचा माणूस कोठे बसतो, हे न सांगता ठरलेले असते. इंग्लंडमध्ये तर लाउंजमध्ये पाहुण्या संघाचा गोल झाल्यावर उठून आरोळी ठोकली, तरी पैसे परत न देता बाहेर काढण्याची तरतूद क्लबांच्या अटींत असते.

गोवा आणि बेंगळुरू यांच्यातील चुरस आपणास माहीत आहेच. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या आय.एस.एल. (इंडियन सुपर लीग) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत राहुल भेकेने केलेल्या एकमेव गोलवर बेंगळुरूने गोव्याला हरवले, ती सल फातोर्ड्याच्या प्रेक्षकांच्या मनातून गेली असेल असे मानण्याचे कारण नाही. बेळगाव गोवा आणि बेंगळुरू यांच्या मधल्या वाटेवर वसलेले असल्यामुळे आपल्याकडे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, नारिंगी आणि निळ्या अशा दोन्ही जर्सी दिसतात. ही आपल्या भागाची श्रीमंती आहे. परंतु चोर्ला घाट उतरला की आपण पाहुणे असतो.

शिवाय पास वितरकाने दिलेला आहे. कक्षात काही बाचाबाची झाली तर जाब त्याला द्यावा लागेल, आपल्याला नव्हे. म्हणून साधा, कोणत्याही क्लबाचे चिन्ह नसलेला शर्ट आणि पँट घालावी. निळा आणि नारिंगी हे दोन्ही रंग टाळावेत. मनापासून जर्सी घालून ओरडायचेच असेल, तर तो पास मित्राला द्यावा आणि पाहुण्या प्रेक्षकांसाठी राखलेल्या स्टँडचे तिकीट काढावे. खऱ्या चाहत्याची जागा तीच, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रश्न : आमचे घराणे अथणी तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या चपला बनवते. माझा पुतण्या लंडनला शिकायला असून त्याला तेथील एका क्लबाच्या लाउंजमध्ये बोलावणे आहे. घरची कोल्हापुरी चप्पल घालून जायची त्याची इच्छा आहे. नियमांत ‘सँडल आणि स्लिपर चालणार नाहीत’ असे लिहिले आहे. आमची चप्पल स्लिपर आहे का?

उत्तर : आपल्या प्रश्नातला सल मला समजतो आणि त्याचे उत्तर दोन भागांत देणे भाग आहे.

पहिला भाग मानाचा. कोल्हापुरी चप्पल ही रबरी स्लिपर नव्हे. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या कसाने कमावलेले चामडे, खिळ्याशिवाय चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, अंगठा आणि वेणीचे काम, या सर्वांना पिढ्यांचे कसब लागते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागाचीच वस्तू म्हणून कायदेशीर ओळख) मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. राज्यांची सीमा आखणाऱ्यांना जे जमले नाही ते या चपलेने केले आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या आपल्या प्रदर्शनात अगदी अशाच घडणीची पादत्राणे सादर केली, सुरुवातीला त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेखही केला नाही, आणि आपल्याकडून आक्षेप घेतला गेल्यानंतर ती भारतीय कारागिरांच्या परंपरेवरून प्रेरित असल्याचे मान्य केले. जी वस्तू मिलानच्या मंचावर चालते ती फुटबॉलच्या लाउंजमध्ये अशोभनीय ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा भाग व्यवहाराचा. दारावरचा कर्मचारी ही माहिती घेऊन उभा नसतो. त्याला उघडी बोटे आणि उघडी टाच दिसते, आणि पुरुषांच्या उघड्या पादत्राणांना मनाई असलेले वाक्य त्याच्या हातातील कागदावर असते. पुतण्याने कोल्हापुरीखाली जीन्स आणि टी-शर्ट घातला, तर त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो समुद्रकिनाऱ्यावरून आल्यासारखाच दिसेल. तीच चप्पल कुर्ता, सुरवार आणि जाकीट यांच्यासोबत घातली, तर ती एका पूर्ण पारंपरिक वेशाचा भाग होते, आणि राष्ट्रीय पोशाखाला जी मोकळीक मिळते ती तिलाही लागू व्हावी असे म्हणण्यास आधार मिळतो. म्हणून घालायची असेल तर पूर्ण वेशासह घालावी, क्लबाला आधी लेखी विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आल्यास त्या दिवशी वाद न घालता बूट घालावेत.

आणखी एक गोष्ट आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कस देऊन कमावलेले चामडे पाणी शोषते. लंडनच्या पावसाळी संध्याकाळी स्टेशनपासून मैदानापर्यंत ओल्या रस्त्यावरून चालत गेल्यास चांगल्या जोडाचा तळ सुटेल. पुतण्याने जोड पिशवीत न्यावा, पिशवीच्या आकाराची मर्यादा सांभाळावी आणि आत गेल्यावर पायांत घालावा. कोणी कौतुकाने विचारलेच, तर ‘कोल्हापुरी’ म्हणून थांबू नये. अथणी तालुक्याचे आणि आपल्या गावाचे नाव सांगावे. त्या नावाला बाजारात जी ओळख मिळायला हवी होती ती अजून मिळालेली नाही.

प्रश्न : भाऊ दोहा येथे असतो. तेथील मैदानावरच्या लाउंजमध्ये मी साडी नेसून जाऊ शकते का? बिनबाह्यांच्या पोलक्याला हरकत घेतील का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : साडी अवश्य नेसावी. कतारमध्ये सार्वजनिक ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत अशी अपेक्षा स्त्री-पुरुष दोघांकडूनही असते. त्यामुळे बाह्यांचे पोलके घालावे किंवा दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यावा. २०२२ च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या मैदानांपैकी बहुतेक ठिकाणी थंड हवेची यंत्रणा आहे आणि काही आसनांजवळ हवा चांगलीच गार लागते, तेव्हा शाल जवळ ठेवावी. भावाने पुरुष म्हणून आपल्याला नियम नाही असे समजून अर्धी चड्डी घालू नये.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. लाउंजमध्ये क्लबाची जर्सी चालत नाही असे कळल्यापासून ती हिरमुसली आहे. लहान मुलांनाही हाच नियम असतो का? (एक आई, टिळकवाडी)

उत्तर : पुष्कळ क्लब लहान मुलांना यजमान संघाची जर्सी घालू देतात, आणि काही लाउंजमध्ये मोठ्यांनाही ती चालते. एकाच मैदानावरील दोन लाउंजचे नियमही वेगळे असू शकतात, कारण एक कुटुंबांसाठी असते आणि दुसरे व्यवसायाच्या बैठकींसाठी. तिकिटावरील लाउंजचे नाव पाहून त्याच लाउंजचा नियम वाचावा. परवानगी नसेल तर जर्सी आत आणि वर स्वेटर घालावा. सामना पाहताना बाहेरच्या खुर्चीवर स्वेटरचे बटण सुटले तर मुलीला कोणी उठवणार नाही. जर्सी यजमान संघाचीच असावी, एवढे मात्र पाहावे.

प्रश्न : आमचे मंडळ बेळगावात दरवर्षी फुटबॉल स्पर्धा भरवते. यंदा देणगीदार आणि निमंत्रितांसाठी मैदानाच्या कडेला वेगळा शामियाना घालून चहा-नाश्त्याची सोय करण्याचा विचार आहे. काही तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की परदेशातील मैदानांप्रमाणे येथेही ड्रेस कोड ठेवावा आणि लुंगी, धोतर, चप्पल यांना मनाई करावी, म्हणजे स्पर्धेला दर्जा येईल आणि पुरस्कर्ते मिळतील. ज्येष्ठांना हे पसंत नाही. बैठकीत निर्णय झाला नाही, म्हणून आपणास विचारत आहोत.

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे योग्य आहे, आणि तरुण कार्यकर्त्यांनी रागावू नये म्हणून कारणे सविस्तर देतो.

परदेशाचे अनुकरण करायचे असेल, तर वरच्या उत्तरांत सांगितलेली गोष्ट पूर्ण घ्यावी. तेथील नियम पाहुण्याच्या देशी वेशाला मनाई करत नाहीत. आपण मात्र आपल्याच गावात, आपल्याच वेशाला मनाई करायला निघालो आहोत. आपल्या देशात असे जेव्हा जेव्हा झाले तेव्हा त्याचा शेवट आयोजकांच्या नाचक्कीत झाला आहे. जुलै २०१४ मध्ये चेन्नईच्या चेपॉक मैदानावरील क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींना केवळ वेष्टी (तमिळ पद्धतीचे धोतर) नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. त्यावर एवढा क्षोभ झाला, की त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने पोशाखावरून सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारण्यास बंदी करणारा कायदा केला आणि अशा क्लबाचा परवाना रद्द करण्याची तरतूद त्यात ठेवली. आपल्या कर्नाटकात जुलै २०२४ मध्ये बेंगळूरच्या एका मॉलमध्ये धोतर नेसून सिनेमा पाहायला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला दारात थांबवले गेले. लोक रस्त्यावर आले आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याची कारवाई केली. तमिळनाडूचा कायदा आपल्याला लागू नाही, पण लोकांच्या मनातला कायदा दोन्हीकडे एकच आहे.

आता आपल्या शामियान्यात कोण बसणार, याचा विचार करावा. येळ्ळूर, कडोली, कंग्राळीकडून येणारा, भाताच्या पैशांतून चषकासाठी हजार रुपये काढून देणारा शेतकरी धोतर आणि टोपीत येईल. पलीकडच्या गावातून येणारा कन्नड भाषक देणगीदार पंचा आणि रुमाल घालून येईल. वडगाव-खासबागचा विणकर स्वच्छ पायजम्यात येईल. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, ज्यांच्या पिढीने या शहरात फुटबॉल जिवंत ठेवला, ते ब्लेझर आणि पदके घालून येतील, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे भाऊबंद साध्या चपलांत असतील. यांतील कोणाला उठवणार? आणि दारावर उभा असलेला अठरा वर्षांचा स्वयंसेवक आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसाला कोणत्या शब्दांत परत पाठवणार? त्या मुलावर ही वेळ आणू नये. पुरस्कर्ता कंपनी शामियान्यातील पँटी मोजत नाही. मैदानाभोवती किती माणसे आहेत, सामने वेळेवर सुरू होतात का आणि भांडणे होतात का, एवढेच ती पाहते.

तरुणांच्या सूचनेत घेण्यासारखे जे आहे ते मात्र जरूर घ्यावे. पाहुण्यांच्या जागेला काही शिस्त हवी, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यासाठी माझ्या सूचना अशा. शामियान्यात त्या दिवशी खेळणाऱ्या कोणत्याही संघाची जर्सी किंवा गमछा नको. दोन्ही संघांचे देणगीदार येथे शेजारी शेजारी बसणार आहेत. ज्यांना संघाचे रंग घालायचे आहेत त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना वेगळी बैठक ठेवावी. स्वयंसेवकांना एका रंगाचे जाकीट द्यावे, आणि तो रंग दोन्ही संघांपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा असावा, नाही तर रेषेजवळ उभ्या स्वयंसेवकाला खेळाडू चुकून पास देतो. मद्यपान करून आलेल्यास प्रवेश नाही आणि गुटखा-तंबाखू खाऊन थुंकणे चालणार नाही, या अटी कपड्यांच्या कोणत्याही अटीपेक्षा शामियान्याची शोभा अधिक राखतील.

सूचनाफलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावावा. मराठी मजकूर साधारण असा असू द्यावा : “निमंत्रितांनी आपल्याला शोभेल अशा स्वच्छ पोशाखात यावे. धोतर, फेटा, टोपी, साडी यांचे स्वागत आहे. या शामियान्यात कोणत्याही संघाची जर्सी घालू नये.” मधले वाक्य गाळू नका, कारण दारावरच्या मुलाला आणि दारात आलेल्या माणसाला, दोघांनाही त्याचा आधार वाटेल. कन्नड मजकूर भाषांतराच्या यंत्रावर न सोडता मंडळातील कन्नड जाणणाऱ्या सदस्याकडून लिहून घ्यावा.

मैदान कृत्रिम हिरवळीचे असेल तर पादत्राणांचा एकच नियम काटेकोरपणे पाळावा : बक्षीस समारंभासाठी हिरवळीवर जाणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणाच्याही पायांत टोकदार टाचेची पादत्राणे नसावीत, कारण त्या टाचांनी हिरवळीचे धागे आणि खालचा थर खराब होतो आणि दुरुस्तीचा खर्च मंडळावर येतो. त्याऐवजी बक्षिसांचे टेबल सीमारेषेबाहेर मांडावे आणि खेळाडूंनाच तेथे बोलवावे. त्यामुळे चपला काढण्याची वेळ कोणावरच येणार नाही.